वायपरच्या दांड्याचा रबरी सील-संच
जुन्या मोटारीत डॅशबोर्डच्या मागून पाणी ठिबकू लागले, की संशय आधी काचेभोवतीच्या रबरावर जातो. माझ्या गाडीत मात्र दोष होता तो वायपरचा हात फिरवणारा दांडा पत्र्यातून बाहेर येतो तेथील भेगाळलेल्या सीलचा. बदली म्हणून घेतलेला ईपीडीएम या कृत्रिम रबराचा संच चपखल बसला, कारण वरच्या वॉशरला पत्र्याच्या उताराशी जुळणारा तिरपेपणा दिलेला आहे (तो उलटा बसवला, की पाणी आत आलेच म्हणून समजा). सोबत ग्रीस दिलेले नाही, ही उणीव खटकते. खनिज तेलाच्या ग्रीसने ईपीडीएम फुगते, म्हणून सिलिकॉन ग्रीसच वापरावे. नट बेताने आवळावा आणि वायपरची मोटर तिच्या थांबण्याच्या जागी आणल्यावरच दांड्यांवर वायपरचे हात चढवावेत.