१० दिवसांचा ड्रायव्हिंग क्रॅश कोर्स: ८ महिने गाडी चालवल्यावर

काल क्लच प्लेट बदलून आणली, साडेआठ हजार गेले. गाडी जेमतेम ३० हजार किलोमीटर चाललेली. मेकॅनिकने पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, क्लचवर पाय ठेवूनच चालवता का?" हो, ठेवूनच चालवते, चढ आला की तर दाबूनच धरते, कारण मला तसंच शिकवलं गेलं.

पुण्यात क्रॅश कोर्स केला, रोज एक तास, ६५०० रुपये. नेहमीचा कोर्स ४५०० ला होता पण अर्धा तास रोज आणि महिनाभर, ऑफिसमुळे जमणार नव्हतं. दहाव्या दिवशी कर्वे रोडवरून गाडी आणली आणि एकदाही बंद पडली नाही, घरी पेढे नेले. का बंद पडली नाही ते आता कळतंय. क्लासच्या गाडीत सरांच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक असतो, मी क्लच चुकीचा सोडला की ते गुपचूप दाबून धरायचे, मला पत्ताही लागायचा नाही. हाफ क्लच म्हणजे नक्की कुठे गाडी उचलते हे माझ्या पायाला शेवटपर्यंत कळलंच नाही. आमच्या सोसायटीच्या बेसमेंटचा रॅम्प चढताना पहिल्यांदा गाडी मागे सरकली तेव्हा मागे एक आजोबा स्कूटरवर उभे होते, अजून आठवलं की हातपाय गार पडतात.

दुसरी चूक माझी. लर्निंग मिळाल्यापासून ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्या लायसन्सची टेस्ट देताच येत नाही. मी लर्निंग हातात आल्या आल्या कोर्स उरकला आणि मग अडीच आठवडे स्टिअरिंगला हात नाही, तेव्हा घरी गाडीच नव्हती. मग घाई केली कशाला? केंद्रीय मोटार वाहन नियमात कारसाठी किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष १० तास ड्रायव्हिंग सांगितलंय, हे मी पैसे भरल्यावर वाचलं.

इथपर्यंत लिहून वाटलं की पैसे पाण्यात गेले म्हणावं, पण ते खरं नाही. माझ्या जाऊबाईंचा अर्ध्या तासाचा क्लास होता, त्यातली दहा मिनिटं गल्लीतून मेन रोडला लागण्यातच जायची. मला सलग तासभर ट्रॅफिकमध्ये ठेवलं म्हणून भीती गेली, आरसे बघायची सवय लागली, आज हिंजवडीला रोज एकटी जाते. म्हणजे तासभराचा धडा चांगलाच, पण तो दिवसाआड घ्या. ११ धडे घेतले की २१ दिवस होतात आणि मधल्या दिवशी पाय शिकलेलं मुरवतो. घरी गाडी आणि शेजारी बसायला लायसन्सवालं शांत माणूस असेल तर १० दिवसांचाही चालेल, नसेल तर नको.

आणि पैसे भरायच्या आधी एवढं विचारा: सर पेडलवरचा पाय काढून तुम्हाला चढावर तीन वेळा गाडी उचलू देतील का? आमच्या मावसबहिणीने विचारलं तर एका क्लासवाल्यांनी विषयच बदलला, दुसऱ्यांनी त्याच दिवशी चढावर नेलं. तिथे नाव घातलंय तिने. रविवारी सकाळी सातला रॅम्प मोकळा असतो, तेव्हा आम्ही दोघी जातो, तिचं लर्निंग, माझं पक्कं, आणि क्लच नवा.