जर्मनी की नेदरलँड्स: भाड्याच्या घराचा पत्ता नोंदवताना

ठाण्यात किंवा वाशी-नेरुळला भाडेकरार नोंदवायची जबाबदारी कायद्याने घरमालकावर असते. या दोन देशांत पत्ता नोंदवायला भाडेकरूला स्वतः जावं लागतं, आणि मुदत चुकली तर दंडही त्यालाच.

जर्मनीत राहायला गेल्यापासून २ आठवड्यांत नोंदणी करायची. पासपोर्ट आणि फॉर्मसोबत घरमालकाच्या सहीचा, तुम्ही कधीपासून राहता ते लिहिलेला कागद लागतो. नुसता भाडेकरार चालत नाही, आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. खोली पोटभाड्याने घेतली असेल तर मूळ भाडेकरूची सही चालते. मोठ्या शहरांत अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, म्हणून घर ठरताच तारीख शोधायला लागा. नोंदणीनंतर टॅक्स आयडी पोस्टाने येतो. टपालपेटीवर तुमचं आडनाव नसेल तर पत्र परत जातं. आयडी लांबला तर पगारातून सहाव्या वर्गाचा, म्हणजे सगळ्यात जड कर कापला जाऊ शकतो. तेव्हा किल्ली मिळाली त्याच दिवशी पेटीवर नाव लावा.

नेदरलँड्समध्ये ४ महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर पोचल्यापासून ५ दिवसांत नगरपालिकेला कळवायचं. भाडेकरार, किंवा आधीपासून राहणाऱ्याची लेखी संमती, चालते. खरी मेख जन्मदाखल्यात आहे: तो अपोस्टिल केलेला, म्हणजे परदेशात खरा मानला जावा म्हणून सरकारी शिक्का मारलेला, मागतात. त्यासाठी आधी राज्य शासनाचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, असा क्रम आहे. इंग्रजी दाखला चालतो. फक्त मराठीत असेल तर अधिकृत भाषांतर जोडावं लागतं. जुन्या दाखल्यांवर बऱ्याचदा बाळाचं नावच नसतं. ते महापालिकेतून चढवून घेणं, आईवडिलांच्या नावांचं स्पेलिंग पासपोर्टशी जुळवणं, ही कामं तिकडून करणं फार जिकिरीचं. व्हिसाची वाट बघत बसू नका, आत्ताच हाती घ्या.

दोन्हीकडच्या नोकरीच्या ऑफर हातात आहेत आणि दाखला धड नाही, अशी स्थिती असेल तर जर्मनीची नोंदणी सोपी जाईल. दाखला तयार असेल तर नेदरलँड्समध्ये घरमालकाच्या वेगळ्या सहीसाठी अडून राहावं लागत नाही. मात्र 'इथे नोंदणी होणार नाही' अशा खोल्या दोन्हीकडे मिळतात, आणि स्वस्त असल्या तरी त्या घेऊ नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे. नोंदणीशिवाय नेदरलँड्समध्ये रहिवासी म्हणून बीएसएन (तिथला नागरिक सेवा क्रमांक) मिळत नाही, आणि त्याच्याविना पगार, विमा, बँक सगळंच रखडतं. म्हणून डिपॉझिट भरण्याआधी घरमालकाकडून नोंदणीचा होकार ईमेलवर लेखी घ्या.