पिछोला की नक्की? जुन्या राजवाड्यात राहायला निघालेल्या खानदेशकरांसाठी

दिवाळीनंतर चार-पाच दिवसांची सवड काढून तळ्याकाठच्या एखाद्या जुन्या महालात किंवा संस्थानी बंगल्यात राहावे, असे ज्यांच्या मनात असते, त्यांचा विचार खानदेशातून निघाला की बहुधा दोन नावांपाशी येऊन अडतो: उदयपूरचा पिछोला आणि माउंट अबूचा नक्की तलाव. आपल्या तोरणमाळच्या यशवंत तलावाकाठी थंड हवा आहे आणि निवांतपणाही आहे, पण राजेरजवाड्यांची घरे नाहीत. त्यामुळे अशा वास्तूंची ओढ असलेल्या माणसाला भुसावळ, जळगाव, अमळनेर किंवा नंदुरबारहून ताप्ती मार्गाने सुरत गाठून पुढे उत्तरेकडे वळावेच लागते. मी दोन्ही ठिकाणी पदरचे पैसे मोजून राहिलो आहे. यांतले अधिक सुंदर कोणते, या वादात मला शिरायचे नाही. जुन्या वास्तूत राहण्यासाठी आपण जी जादा रक्कम देतो, तिच्या बदल्यात ती वास्तू आपल्या वाट्याला कितपत येते, एवढेच मला तोलून पाहायचे आहे.

इतिहासाच्या वजनात उदयपूर भारी आहे, हे आधीच मान्य करून टाकतो. महाराणा उदयसिंहांनी १५५९ मध्ये शहर वसवायला घेतले तेव्हा पिछोला तलाव तिथे होताच. त्यांनी तो वाढवला, आणि पुढच्या पिढ्यांनी काठावर व बेटांवर महाल उठवले. त्यांपैकी जगमंदिराशी आपला थोडा जुना संबंध आहे. ज्या शहाजहानचे बऱ्हाणपूर खानदेशकरांना परके नाही, त्याने शाहजादा खुर्रम असताना, १६२२ नंतर बापाविरुद्ध बंड करून पळापळ चालली होती त्या काळात, मेवाडच्या महाराणांच्या आश्रयाने याच बेटावर मुक्काम केला होता. पुढे १८५७ मध्ये महाराणा स्वरूपसिंहांनी नीमचहून जीव वाचवून आलेल्या युरोपियन कुटुंबांनाही तिथेच ठेवले. दुसऱ्या बेटावरचा जगनिवास, म्हणजे आजचे लेक पॅलेस, महाराणा जगतसिंह दुसरे यांनी १७४३ ते १७४६ या काळात बांधला. मराठी वाचकाने इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी: थोरले बाजीराव १७३६ मध्ये उदयपूरला जाऊन आले होते आणि मेवाडने मराठ्यांना खंडणी देण्याचे कबूल केले होते. तिजोरीवर हा भार असतानाच पाण्यात संगमरवरी विलासमहाल उभा राहत होता. नावेतल्या वाटाड्याच्या तोंडून हे ऐकायला मिळत नाही.

या महालांची हॉटेले झाली ती संस्थाने विलीन झाल्यावर, खर्च भागवण्याच्या गरजेतून. महाराणा भगवतसिंहांनी १९६३ मध्ये जगनिवासाचे हॉटेल केले आणि १९७१ मध्ये त्याचा कारभार ताज समूहाकडे गेला; संस्थानिकांचे तनखे बंद झाले तेही त्याच वर्षी. सिटी पॅलेसच्या आवारातले शिवनिवास आणि फतेहप्रकाश हे महालही आज हॉटेले आहेत. फतेहप्रकाशमध्ये महाराणा सज्जनसिंहांनी १८७७ मध्ये बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीकडून मागवलेले काचसामान मांडलेले आहे. ते येऊन पोचण्याआधीच, १८८४ मध्ये, महाराणा वारले आणि पेट्या कित्येक दशके उघडल्याच गेल्या नाहीत. या मोठ्या घरांचे भाडे आपल्यापैकी बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे असते, आणि जगनिवासात तर मुक्कामी किंवा आधी जेवणाची नोंद केलेल्या पाहुण्यांखेरीज कोणाला सहसा पाऊल ठेवता येत नाही. साहजिकच आपल्यासारखा माणूस लालघाट, गणगौर घाट किंवा समोरच्या हनुमान घाटाकडच्या सरदारांच्या हवेल्यांकडे वळतो. त्या वाईट आहेत असे अजिबात नाही. पाण्याच्या बाजूला झरोके, मधोमध चौक, भिंतीत आरशांच्या तुकड्यांचे ठीकरी काम, गच्चीवर जेवणाची सोय. शिवाय वरण-बट्टीवर वाढलेल्या माणसाला मेवाडची दाल-बाटी लगेच जवळची वाटते.

माझे मन उडाले ते मात्र अशाच एका हवेलीत. खोली आरक्षित करताना मी तिथला चौक पाहून ठरवले होते. बाहेरचा मर्दाना आणि आतला जनाना यांना जोडणारा, तिन्ही बाजूंनी कमानींचा आणि चौथ्या बाजूने तळ्यावर उघडणारा तो चौक म्हणजे त्या घराचा प्राण होता. बाकी खोल्या त्याच्या आधाराने मांडलेल्या. आम्ही पोचलो तेव्हा तुळशीचे लग्न होऊन गेले होते, आणि चौकात लोखंडी पाइपांचा सांगाडा उभा राहत होता. कोरीव तोड्यांना नायलॉनच्या दोऱ्या बांधून त्यांवरून विजेच्या तारा ओढल्या होत्या. ज्या ठीकरी मोरासाठी मी कॅमेऱ्याची बॅटरी भरून आणली होती, तो मोर गुलाबी कापडाच्या पडद्यामागे गेला होता. व्यवस्थापकांनी हात जोडून सांगितले की चौक दोन दिवस लग्नाच्या मंडळींना दिलेला आहे, तरी आपण कृपया मुदपाकखान्याच्या मागच्या जिन्याने ये-जा करावी. त्या जिन्यावर कांद्याची पोती आणि गॅसच्या टाक्या होत्या. रात्री संगीताचा कार्यक्रम किती वाजेपर्यंत चालला ते मी घड्याळात पाहिले नाही, पण झरोक्याची काच शेवटपर्यंत थरथरत होती. आपल्याकडची हळद आणि बँड पाहिलेल्या माणसाने आवाजाची तक्रार करू नये, हे मला कळते. माझी तक्रार वेगळी आहे. त्या घरातली जी जागा मला हवी होती, ती माझ्या भाड्यात कधी धरलेलीच नव्हती, आणि हे खोली घेताना कोणी सांगितले नाही.

हा एखाद्या हवेलीचा दोष म्हणून मी सोडून दिला असता. परंतु उदयपूर हे दूरदूरहून येऊन लग्न लावण्याचे गाव झाले आहे, जगमंदिरापासून घाटावरच्या हवेल्यांपर्यंत सगळीकडे हा व्यवसाय आहे, आणि आपली सुटी पडते ती नेमकी त्याच हंगामात. उन्हाळ्यात गेल्यास लग्ने कमी असतील, पण मेवाडचा उन्हाळा जळगावच्या उन्हाळ्याहून फारसा सुखाचा नाही. त्यातून पाऊस सलग कमी झाला तर पिछोला तलाव कोरडाही पडतो. या शतकाच्या सुरुवातीच्या दुष्काळात बेटावरचे महाल असेच पाण्यावाचून उभे होते.

अबूची गोष्ट मुळातच वेगळी आहे. मेवाडमध्ये कंपनीचा प्रतिनिधी असलेला जेम्स टॉड १८२२ मध्ये अबूवर चढला, आणि १८४५ मध्ये सिरोहीच्या महारावांनी आजारी सैनिकांच्या आरोग्यधामासाठी तिथली जागा इंग्रजांना दिली. पुढे राजपुतान्याचा कारभार पाहणारा गव्हर्नर जनरलचा एजंट तिथे राहू लागला, आणि जिथे एजंट तिथे राजे, या न्यायाने एकेका संस्थानाने डोंगरावर आपले घर बांधले. जयपूर हाउस नक्की तलावाच्या वरच्या टेकडीवर आहे. बिकानेर हाउस १८९३ मधले, आणि त्याचा आराखडा जयपूरचे अल्बर्ट हॉल उभारणाऱ्या स्विंटन जेकबचा. जोधपूरच्या दिवाणांचा बंगला कॉनॉट हाउस म्हणून ओळखला जातो, आणि सिरोहीकरांचे केसर भवन आहेच. हे महाल नव्हेत. राजधानीतल्या दरबारापासून दूर, पण गोऱ्या साहेबाच्या नजरेसमोर राहण्यासाठी बांधलेली ही उन्हाळी घरे आहेत, आणि आज त्यांतली बरीच हॉटेले म्हणून चालतात. एक बाब आपल्याकडे फारशी कोणाला आठवत नाही: १९५० मध्ये सिरोहीची वाटणी होऊन अबूचा भाग मुंबई राज्यात आला आणि १९५६ च्या नोव्हेंबरात राजस्थानला परत मिळाला, म्हणजे सुमारे सात वर्षे अबू आणि आपले पूर्व व पश्चिम खानदेश जिल्हे एकाच राज्यात नांदत होते.

अबूच्या एका जुन्या बंगल्यात आम्ही राहिलो, तेव्हा घर पाहायला कोणाची परवानगी मागावी लागली नाही. दिवाणखान्यात शेकोटीची जागा, तिच्यावर शिकारीची छायाचित्रे, व्हरांड्यात लांब हातांच्या वेताच्या खुर्च्या. न्हाणीघराला मात्र दोन दरवाजे होते, एक खोलीत उघडणारा आणि दुसरा थेट मागच्या अंगणात. तो दुसरा दरवाजा सफाई करणाऱ्या माणसासाठी होता. घरात पाऊल न टाकता त्याने मागून यावे, मैला उचलावा आणि मागूनच जावे, अशी त्या काळच्या बंगल्यांची रचना असे. आता तो खिळे ठोकून बंद केला आहे आणि त्यावर टॉवेलची खुंटी आहे. राजेशाहीचा थाट सांगणारे फलक मी उदयपुरात पुष्कळ वाचले, पण ती राजेशाही कोणाच्या कष्टावर चालत होती हे मला या एका दाराने अधिक स्पष्ट सांगितले, आणि ते दार भाड्याच्या खोलीत होते म्हणूनच सावकाश पाहता आले.

अबूच्या उणिवा लपवण्यात अर्थ नाही. ही घरे तळ्याकाठी नाहीत. नक्की तलावाचा काठ मंदिरे, घाट, बाजार आणि नौकाविहार यांनी व्यापलेला आहे; १९४८ मध्ये महात्मा गांधींच्या अस्थींचे विसर्जन इथे झाले तो गांधी घाटही तिथेच. त्यामुळे बंगल्यातून तळे दिसले तर वरून, झाडांच्या फटीतून दिसते, आणि पाण्यापर्यंत जायचे तर उतरून जावे लागते. गुडघेदुखी असलेल्यांनी याचा विचार करावा. शनिवार-रविवारी गुजरातेतून येणाऱ्या गाड्यांनी बाजाराचा रस्ता तुंबतो. जुन्या खोल्यांत ओल असते आणि गरम पाण्याला वेळ लागतो. झरोक्याशी बसल्या बसल्या पाण्यावर मावळता सूर्य पाहणे हीच ज्यांची मुख्य अपेक्षा आहे, त्यांनी निःशंकपणे पिछोला निवडावा. त्या बाबतीत अबूने स्पर्धेत उतरू नये.

तरी ज्यांना घरासाठी घर पाहायचे आहे, त्यांना मी नम्रपणे असे सुचवीन की दोन्ही गावे एकाच फेरीत घ्यावीत, आणि पैसा मात्र समान वाटू नये. अहमदाबादच्या असारवाहून हिंमतनगरमार्गे जाणारा रेल्वेमार्ग रुंद होऊन २०२२ मध्ये खुला झाल्यापासून उदयपूर पूर्वीइतके आडवळणी राहिलेले नाही, आणि तिथून अबू रस्त्याने साधारण १६५ किलोमीटर आहे. उदयपुरात एखाद्या स्वच्छ, साध्या लॉजवर उतरावे. सिटी पॅलेस, जगमंदिर आणि मेवाडचे एकेकाळचे दिवाण अमरचंद बडवे यांची बागोर हवेली तिकीट काढून पाहावी. बागोर हवेलीत संग्रहालय असल्याने तिथले चौक मोकळेपणी हिंडता येतात, आणि माझ्या मते राहत्या हवेलीची रचना समजून घ्यायला तीच सर्वांत सोयीची आहे. राखलेले पैसे अबूच्या बंगल्यावर खर्च करावेत, शक्यतो सोमवार ते गुरुवार. परतताना अबू रोडहून गाडी धरून पुन्हा सुरतेवरून घरी येता येते. देलवाड्याच्या दर्शनाला जाणाऱ्या आपल्याकडच्या जैन कुटुंबांना ही वाट चांगली ठाऊक असते, तेव्हा गाड्यांच्या वेळा शेजारीपाजारी विचारल्या तरी कळतील.

आरक्षणाच्या वेळी अबूला एक गोष्ट फोनवर विचारून पक्की करावी: खोली मूळ बंगल्यात आहे की मागाहून बांधलेल्या जोड-इमारतीत. दोन्हींच्या दरांत फरक थोडाच असतो आणि जाहिरातीतले छायाचित्र नेहमी मूळ बंगल्याचेच असते. उदयपूरच्या हवेलीतच राहायचे ठरले असेल, तर त्या तारखांना चौक कोणाला दिलेला आहे का, हे विचारून उत्तर लेखी मागवावे.