एसी/डीसी क्लॅम्प मीटर, आठ महिन्यांनंतर: चार स्टार, पाचवा झिरोच्या बटणाने खाल्ला

3,900 ला घेतला तेव्हा घरी विचारलं गेलं, या घरात वायरमन कोण आहे? वायर न कापता तिच्याभोवती जबडा अडकवायचा, आतला करंट स्क्रीनवर दिसतो; एसी (दिशा बदलणारा) आणि डीसी (एकाच दिशेचा) असे दोन मोड. बाकी स्पेक्स लिहीत बसत नाही. मागच्या महिन्यापर्यंत मी याला दोनच स्टार देणार होतो.

झालं असं, इन्व्हर्टरचा बॅकअप अडीच तासांवर आला. दोन वर्षं जुनी 150 एएचची (अँपिअर गुणिले तास) बॅटरी, लोड दोन पंखे, टीव्ही, फ्रिज. सर्व्हिसवाला आला, लाईट बंद करून बॅटरीच्या जाड लाल वायरीला स्वतःचा क्लॅम्प लावला, 22 अँपिअर. म्हणाला, एवढ्या लोडला पाच तास तरी चालायला पाहिजे, बॅटरी गेली, नवीन टाका. माझ्या मीटरवर, डीसी मोडला, 38.4. "साहेब, हे ऑनलाइनचे मीटर असेच असतात." मी गप्प, कारण माझाच मीटर एसीवर फिरवला तर 24 दाखवत होता! एकच वायर, एकच मीटर, दोन उत्तरं. त्याच रात्री रिटर्नचं बघितलं तर मुदत संपून सहा महिने झालेले.

मग माळ्यावरून वडिलांचा ट्रॅक्टरच्या बॅटरीचा चार्जर काढला, काट्याच्या मीटरवाला. काटा 8 वर. माझा डीसीवर 8.1, एसीवर 7.2. तेव्हा ट्यूब पेटली. असल्या कॉइलवाल्या मीटरचा काटा सेकंदाला 100 वेळा नाचू शकत नाही, तो सरासरीवर जाऊन बसतो, आणि डीसी मोडही तेच दाखवतो. इन्व्हर्टर 50 हर्ट्झचा एसी बनवतो म्हणून बॅटरीतून करंट सरळ रेषेत येतच नाही, सेकंदाला 100 वेळा फुगतो आणि ओसरतो. फुगलेलं तेवढंच ओसरतं, म्हणजे डीसीवर चढलेल्या या लाटांची, म्हणजे एसीची, सरासरी शून्य, उरतो फक्त डीसी. बॅटरीतले एएच त्या 38.4 नेच संपतात, 24 चा तिथे काही संबंध नाही. सर्व्हिसवाल्याचा क्लॅम्प साधा एसीचा, आत नुसता करंट ट्रान्सफॉर्मर (फक्त बदलता करंट पकडणारी कॉइल), त्याला डीसी दिसतच नाही, तो फक्त वरच्या लाटा मोजत होता आणि त्यालाच लोड म्हणत होता.

आता हिशोब लावा. 38 गुणिले अडीच, 95 एएच. 150 चा आकडा 20 तासांत हळूहळू काढली तर मिळतो, म्हणजे सतत साडेसात अँपिअर. त्याच्या पाचपट ओढल्यावर 95 मिळाले तर बॅटरी ठणठणीत आहे हो! फ्रिज इन्व्हर्टरवरून काढला, विषय संपला. चौदा-पंधरा हजार वाचले, मीटर फुकटात पडला समजा.

पण वायर तापते ती सरासरीने नाही. तिथे डीसी आणि एसी दोन्हींचे वर्ग करून बेरीज आणि वर्गमूळ, 38.4 आणि 24 चे 45 होतात. लग (बॅटरीला जोडायचं वायरीचं टोक) कोमट का लागत होता ते तेव्हा कळलं. डब्यावर ट्रू आरएमएस (म्हणजे हाच वायर तापवणारा आकडा) छापलंय, पण एसीवर ठेवला की डीसी गाळूनच मोजतो, दोन्ही एकत्र दाखवणारा मोड नाही, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर करायचं. हे एक वेळ चालेल.

झिरोचं मात्र चालणार नाही. डीसीवर चालू केला की वायर नसतानाही 0.4, कधी 0.7, मोठा करंट मोजून झाला की 1.1, मीटर हातात उलटा धरला तरी आकडा हलतो. दर वेळी झिरो दाबा, म्हणजे त्या क्षणी जो आकडा असेल तो शून्य धरला जातो. लोड नसताना इन्व्हर्टर स्वतः किती खातो ते बघायचं होतं, तर खरा करंट कुठला आणि मीटरच्या मनातला कुठला तेच कळेना. शेवटी मध्ये लांब वायर जोडून तिचे पाच वेढे जबड्यातून घातले आणि आलेल्या आकड्याला पाचाने भागलं, तेव्हा कुठे 0.8. शेजारच्या काकांकडे तर शायनिंग मारायला गेलो आणि वायर जबड्यात असतानाच झिरो दाबला. स्क्रीनवर 0.0. छातीठोकपणे सांगितलं, काका, तुमची बॅटरी करंटच देत नाही. डोक्यावर पंखा फिरत होता.