नेक लिफ्टनंतरचे महिने: सोलापूरच्या उन्हात काय सांभाळायचं

नेक लिफ्ट म्हणजे गळ्याची सैल कातडी आणि स्नायू ताणून बसवायचं ऑपरेशन. त्याचा खरा निकाल तीन ते सहा महिन्यांनी कळतो, त्याआधी आरशाशी वाद घालू नका. हनुवटीखालची लोंबती कातडी आणि गळ्यावर दोऱ्यांसारख्या उभ्या दिसणाऱ्या स्नायूच्या कडा यांत फरक छान पडतो. आडव्या रेषा मात्र बऱ्याच अंशी तशाच राहतात, हे सर्जनकडून आधीच स्पष्ट करून घ्या.

हनुवटीखाली तीनेक सेंटिमीटरचा छेद घेऊन प्लॅटिझ्मा या पातळ स्नायूच्या सुटलेल्या कडा मधोमध शिवतात. कातडी फार सैल असेल तर कानामागेही टाके येतात. चरबी ‘अजून थोडी काढा’ असा आग्रह धरू नये, मध्ये खळगा पडतो आणि तो भरून काढणं अवघड.

सगळ्यात जपायचे ते पहिले चोवीस तास. आत रक्त साकळलं तर एका बाजूला झपाट्याने सूज चढते, ताण आणि कळ वाढते. अशा वेळी सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं. पुण्याला ऑपरेशन करून त्याच रात्री अडीचशे किलोमीटर परत येण्याचा बेत म्हणूनच धोक्याचा. बीपी ताब्यात हवं, डोकं उशांवर उंच हवं. मावा, गुटखा, मिश्री, बिडी हे सगळं किमान चार आठवडे आधी आणि तेवढंच नंतरही बंद. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात आणि कानामागची कातडी काळी पडून मरू शकते.

आपल्याकडे खरी परीक्षा ऑपरेशननंतर हनुवटीखालून डोक्याभोवती बांधायच्या दाबपट्ट्याची. साधारण पहिला आठवडा दिवसरात्र, मग दोन-तीन आठवडे रात्री. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना कानाच्या पाळीखाली, पट्ट्याची घडी पडते तिथे, घामोळं उठतं आणि खाजवलं की टाक्यालाच नख लागतं. दोन पट्टे घ्या, एक रोज साध्या साबणाने धुऊन सावलीत वाळवा. आत मलमलचा सपाट तुकडा ठेवा, बोट सरकेल इतकीच घट्ट बांधणी ठेवा. खरखरीत टॉवेलने पुसू नका, नुसतं टिपा. जमत असेल तर ऑपरेशन हिवाळ्यातच करावं, असं माझं ठाम मत आहे.

कडक भाकरी पहिले काही दिवस विसरा, दुधात कुस्करलेली चालेल. लोणचं-पापडही कमी, मिठाने सूज रेंगाळते.

पुढे काही आठवडे हनुवटीखाली गाठी लागतात, हसताना खालचा ओठ क्वचित एका बाजूला ओढला जातो. हे बहुतेकदा आपोआप सुधारतं, पण सर्जनला दाखवाच. बधिरपणा महिनोन्‌महिने टिकतो, त्यामुळे पुरुषांनी दाढी करताना वस्तरा टाळून ट्रिमर वापरावा. कापलेलं कळत नाही. आपल्या कातडीवर व्रण काळे किंवा जाड होऊ शकतात. जखम पूर्ण भरल्यावर सिलिकॉन जेल दिवसातून दोनदा, दोन-तीन महिने, आणि बाहेर पडताना सनस्क्रीन. हेल्मेटचा पट्टा नेमका हनुवटीच्या छेदावर बसतो, म्हणून सर्जनने सांगेपर्यंत दुचाकी नको. कान टोचल्यावर कधी जाड व्रणाची गाठ आली असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा.