जुनी आरएक्स १०० घेताय? आमचे १,४२,००० रुपये कसे गेले ते वाचा

निपाणी, चिक्कोडी, संकेश्वर, बेळगाव, खानापूर या पट्ट्यात सध्या जुन्या यामाहा आरएक्स १०० मोटरसायकलचा धंदा जोरात चाललाय. गाडी १९८५ ला आली आणि धुराचे नियम कडक झाल्यावर १९९६ ला बंद झाली. बंद झालेल्या गाडीला शोरूमचा भाव नसतो. मग लोक काय करतात, तर मोबाईलवर चार जाहिराती बघतात आणि त्यावरून अंदाज बांधतात. आम्हाला ज्यांनी लुटलं त्यांना हे पक्कं माहीत होतं.

गाडी माझ्या धाकट्या भावाला हवी होती. त्याला मातीच्या ट्रॅकवरच्या रेसचं वेड आहे. जाहिरात कागलकडच्या माणसाची होती : "१९९६ ची शेवटची बॅच, सिंगल ओनर, जपान इंजिन, रेस ट्यून, किंमत १,६०,०००." यातलं एक वाक्य तिथंच खटकायला हवं. जपानहून सुट्या भागांत आलेल्या गाड्या अगदी सुरुवातीच्या, १९८५ च्या सुमाराच्या. नंतर एस्कॉर्ट्सनं त्या इथंच बनवल्या. शेवटच्या बॅचला जपानचं इंजिन कुठून येणार? पण "जपान" म्हटलं की आपल्याकडं माणूस पुढचं ऐकत नाही.

भावानं फोनवर दुसऱ्या तीन जाहिराती दाखवल्या. गडहिंग्लज, संकेश्वर आणि निपाणी. भाव १,७५,००० पासून २,१०,००० पर्यंत. "दादा, हा तर स्वस्तात देतोय की." पैसे हातचे गेल्यावर ते फोटो मोठे करून बघितले, तेव्हा चारही गाड्यांच्या मागं एकच निळ्या पत्र्याचं गेट दिसलं. नावं वेगळी, गावं वेगळी, गेट एकच. महागाच्या तीन जाहिराती विकण्यासाठी नव्हत्याच, चौथी स्वस्त वाटावी म्हणून लावल्या होत्या.

राज्याच्या हद्दीवरचा कोगनोळी नाका ओलांडून आम्ही कागलकडं गेलो. गाडी उन्हात उभी, टाकी चकचकीत, क्रोमचे मडगार्ड झगझगीत. एका किकमध्ये चालू झाली. मी सायलेन्सरजवळ हात नेला तर चांगलाच गरम. विकणारा म्हणाला, "उन्हात हाय की ओ, तापणारच." उन्हानं टाकी आणि सीट तापते, सायलेन्सरचा बेंड असा तापत नाही. आम्ही यायच्या आधी गाडी चालवून ठेवलेली होती. आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोक गाडीचं दुखणं थंड इंजिनातच कळतं. कॉम्प्रेशन (सिलिंडरातला दाब) गेलेलं असेल, क्रँकचे ऑइल सील हवा ओढत असतील, तर सकाळी पहिल्या किकला ती नखरे करते. तापली की सगळ्या गाड्या शहाण्या.

तेवढ्यात त्याला फोन आला. स्पीकर चालू. पलीकडचा गोव्याचा कुणी, "आज संध्याकाळी रोख घेऊन येतो" म्हणत होता. अंगणात आणखी एक माणूस गाडीभोवती फिरत होता, तोही खिशाला हात लावायला लागला. हे नाटक इतकं जुनं आहे की बैलबाजारात आमच्या आजोबांनीही बघितलं असेल, तरी लागू पडलं. १,४२,००० वर ठरलं. १५,००० यूपीआयवर, बाकी रोख. आरसीचं (नोंदणीचं) जुनं पुस्तक हातात दिलं, एनओसी (आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र) "आठ दिवसांत आणून देतो" म्हणाला.

त्या पुस्तकाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण खरी किंमत इंजिनाआधी कागदावर ठरते. दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढं दर ५ वर्षांनी नूतनीकरण. म्हणजे १९९६ च्या गाडीला २०११, २०१६ आणि २०२१ असे तीन शिक्के पाहिजे होते. आमच्या पुस्तकात २०११ चा एकच होता. विचारल्यावर "त्यात काय, एका दिवसाचं काम." एका दिवसाचं नाही. २०२२ पासून नूतनीकरण उशिरा केलं तर दुचाकीला महिन्याला ३०० रुपये जादा लागतात. शिवाय जुनी हस्तलिखित पुस्तकं बऱ्याचदा ऑनलाइन चढवलेलीच नसतात. एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर नंबर टाकला की काहीच दिसत नाही. आमचंही तसंच. "जुनी गाडी आहे म्हणून दिसत नाही," हे उत्तर अर्धं खरं असतं, म्हणून तर ते चालतं. नोंद मूळ आरटीओत आधी चढवून घेतल्याशिवाय पुढचं काही हलत नाही.

त्यात आपण सीमेवरचे. एमएच-०९ ची गाडी बेळगावात केए-२२ करायची तर कोल्हापूरची एनओसी (फॉर्म २८) लागते, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, चेसिस नंबरचा पेन्सिलनं काढलेला छाप, आणि कर्नाटकचा टॅक्स वेगळा. परराज्याची गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर इथला नंबर घ्यावाच लागतो. अशा भानगडीत पडायला नको म्हणून लोक वर्षानुवर्षं तिकडच्या नंबरवरच फिरवतात, आणि विकणाऱ्यांना तेच सोयीचं. कागद तपासायची वेळच येत नाही.

एनओसी आली नाही. फोन आधी "साहेब रजेवर", मग बंद.

बेळगावात आमचा एक जुना मेस्त्री आहे, आयुष्य यामाहावर गेलेला. त्यानं किक मारली, कान दिला आणि हसला. "सर, हे शंभर नव्हं. वर एकशे पस्तीसचा ब्लॉक चढवलाय." हेड उघडून उद्यमबागेतल्या बोअरिंगवाल्याकडं ब्लॉक (सिलिंडर) मोजला. आरएक्स १०० चा बोअर (सिलिंडरच्या भोकाचा व्यास) ५० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ५०. आरएक्स १३५ चा स्ट्रोक तेवढाच, पण बोअर ५८. आमचा ५८ च्याही वर गेलेला. आणि वर पोर्टिंग केलेलं. अशा टू-स्ट्रोकला फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नसतात, पिस्टनच भिंतीतली भोकं उघडतो-झाकतो. एक्झॉस्टचं भोक वर वाढवलं की गाडी वरच्या आरपीएमला पळते, खालची ओढ जाते, रिंगा लवकर झिजतात. रेसवाल्याला ते चालतं, दर हंगामाला तो इंजिन उघडतोच. पण एकदा कापलेलं भोक परत भरून येत नाही. "रेस ट्यून" म्हणून आम्ही ज्याचे जास्त पैसे मोजले, त्यानं गाडीची किंमत कमी झाली होती.

मग त्यानं चेसिस नंबर बघितला. आजूबाजूला घासल्याच्या रेघा, आकडे एका ओळीत नाहीत, एक आकडा दुसऱ्यापेक्षा खोल, म्हणजे मूळ नंबर घासून दुसरा कोरल्यासारखा. तिथं तो हात पुसत उठला. "आता ह्याचं मोल मला विचारू नका."

तरी विचारलं. त्याची पद्धत मला पटली, म्हणून सांगतो. जाहिरातीतला भाव तो धरतच नाही. कागद सरळ नसतील तर ती गाडी नव्हे, सुटे भाग. आमच्या ढिगाऱ्याचे त्यानं ३० हजार सांगितले. कागद चालू असतील तर पुढचा प्रश्न, बोअर कितवा? ५० वरून पाव-पाव मिमीनं ५१ पर्यंत चार ओव्हरसाईज (थोडे मोठे) पिस्टन बसतात. शेवटचा बसलेला असेल तर पुढचा खर्च स्लीव्हचा, म्हणजे सिलिंडरच्या आत नवं अस्तर बसवायचा. मग क्रँक, सील, गिअर. आरएक्स १०० ला चारच गिअर. पाचवा पडला तर तिथूनच परत फिरायचं. दुरुस्तीचा सगळा खर्च मांडायचा आणि चांगल्या गाडीच्या रकमेतून वजा करायचा. त्याच्या मते सरळ कागदाची, शंभरच्याच ब्लॉकची गाडी आज ७०-८० हजारांच्या वर न्यायला नको. टाकीच्या रंगाला तो एक रुपया देत नाही. क्रोम आणि स्टिकर नवे, लोकल मिळतात, आणि "ओरिजनल जुना स्टॉक" म्हणून तेच खपवतात.

ठाण्यात गेलो तेव्हा आधी "व्यवहार महाराष्ट्रात झालाय, तिकडं जा" असं ऐकायला मिळालं. जुलै २०२४ पासून नव्या कायद्यात झिरो एफआयआरची तरतूद आहे (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, बीएनएसएस कलम १७३), हद्द कुठलीही असली तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. ते शांतपणे सांगितल्यावर घेतली, भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ लावून. यूपीआयच्या १५,००० साठी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली. रोख दिलेल्या पैशांची पावती नव्हती, पण "१,२७,००० मिळाले, एनओसी पाठवतो" असा त्याचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज भावानं जपून ठेवला होता. चारही जाहिरातींचे स्क्रीनशॉट, त्या निळ्या गेटसकट, तक्रारीला जोडले. नंबर घासलेली गाडी पोलिसांनी ताब्यात घेतली. ती वापरणं सोडा, भाग सुटे करून विकणंही आता आमच्या हातात नाही. एकही रुपया अजून परत आलेला नाही.