रस्ट, सहा महिन्यांनंतर: चूक सांगतो, जागा सांगत नाही

काम तसं किरकोळ. पावसाच्या नोंदींची टेक्स्ट फाइल वाचायची आणि केंद्रागणिक किमान, कमाल, सरासरी काढायची. ओळीत सेमीकोलननं तोडलेले तीन रकाने: केंद्र, मिलिमीटर, शेरा. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेचं कौतुक सगळ्यांनी वाचलेलं असतं, त्यामुळे ते इथे नको. हे लिहायचं कारण एकच वाक्य आहे: ‘स्ट्रीम डिड नॉट कंटेन व्हॅलिड यूटीएफ-८’, म्हणजे मजकूर वैध यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत लिहायची आजची रूढ पद्धत) नाही. भल्यामोठ्या फाइलीच्या मध्यात प्रोग्राम थांबतो आणि एवढंच बोलतो. कितवी ओळ, कितवा बाइट, काही नाही. लोकल रखडल्याची घोषणा करायची आणि कुठल्या दोन स्टेशनांमध्ये ते मात्र गुलदस्त्यात, त्यातलाच प्रकार.

कोडची एखादी ओळ चुकवली तर कंपायलर बाणासकट बोट ठेवतो. त्याच घरातली लायब्ररी फाइल वाचताना इतकी मुकी का, हा राग सहा महिन्यांत गेलेला नाही.

कारण साधं आहे. रस्टमधली स्ट्रिंग वैध यूटीएफ-८ असायलाच हवी, म्हणून ओळी वाचणारी ‘लाइन्स’ आणि ‘रीड_लाइन’ ही फंक्शनं दोन्ही ओळ तपासूनच हातात देतात. जुन्या विंडोज एन्कोडिंगमधलं अंशाचं चिन्ह म्हणजे १७६ हा एकटा बाइट, यूटीएफ-८ मध्ये तो असा सुटा चालत नाही. केंद्र आणि पाऊस नव्या फाइलीतून, शेरा जुन्या फाइलीतून घेऊन ‘पेस्ट’ कमांडनं जोडले की असा बाइट हमखास घुसतो. गंमत म्हणजे शेऱ्याचा रकाना या हिशेबात लागतच नाही. न लागणाऱ्या रकान्यापायी अख्खं काम बंद.

यावर नेटवर सर्रास दिसणारा तोडगा म्हणजे ‘लाइन्स’ला ‘फ्लॅटन’ लावून चुका गिळणे. हे करू नका. खराब ओळी गपचूप गळतात, सरासरी चुकते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. शिवाय लिनक्सवर फाइलीऐवजी चुकून फोल्डरचं नाव दिलं, तर ते उघडतं, पण प्रत्येक वाचन फसतं. ‘फ्लॅटन’ ते गिळत राहतं आणि लूप कधीच संपत नाही. रस्टचा कोड तपासणारं क्लिपी हे साधन याबद्दल इशारा देतं, तो ऐका.

खरा उपाय ‘बफरीडर’वर ‘रीड_अनटिल’. नवी ओळ येईपर्यंतचे कच्चे बाइट एकाच व्हेक्टरमध्ये (वाढत्या यादीत) घ्यायचे, शून्य परत आलं की फाइल संपली. दर फेरीआधी व्हेक्टर ‘क्लिअर’ करायला विसरलात तर नवी ओळ जुनीच्या शेपटीला चिकटते, कारण हे फंक्शन पुसत नाही, जोडतं. ओळ मोजायचा काउंटर स्वतः ठेवायचा. मग त्या बाइटना ‘फ्रॉम_यूटीएफ८’ लावलं की चुकीसोबत ‘व्हॅलिड_अप_टू’ मिळतं, म्हणजे सुरुवातीचे किती बाइट वैध आहेत तो आकडा. समजा ओळ आहे ‘कुलाबा;७३.४;३१°’ (फाइलीत आकडे इंग्रजी, अंशाचं चिन्ह तोच जुना बाइट). कुलाबाची सहा चिन्हं, प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे १८; सेमीकोलन १, पाऊस ४, सेमीकोलन १, तापमान २. उत्तर येतं २६, म्हणजे सत्ताविसावा बाइट फुटका. माहिती लायब्ररीकडे आहे, फक्त ‘लाइन्स’ ती वाटेत टाकून देतो!

इथे मत थोडं बदललं. सी मध्ये हीच फाइल विनातक्रार वाचली गेली असती आणि फुटका बाइट थेट अहवालात उमटला असता. रस्टचा यूटीएफ-८ चा हट्ट बरोबर आहे, पण जागा चुकीची. सेमीकोलन म्हणजे बाइट ५९, आणि देवनागरीच्या अक्षरातला प्रत्येक बाइट १२८ किंवा वरचा, त्यामुळे कच्च्या बाइटवर तोडताना अक्षर मधोमध कापलं जात नाही. सगळा हिशेब बाइटवरच करा, यूटीएफ-८ ची तपासणी फक्त केंद्राच्या नावाला, तीही छापताना एकदाच.

मिलिमीटर फ्लोटमध्ये (दशांश अपूर्णांकात) ठेवू नका, दहापट करून पूर्णांकात ठेवा: ९४४.२ म्हणजे ९४४२. चाचणीला २६ जुलै २००५ चा पाऊस घ्या, सांताक्रूझ ९४४.२ आणि कुलाबा ७३.४. हवामान खात्याची नोंद सकाळी साडेआठला संपणाऱ्या २४ तासांची असते, म्हणून हा आकडा २७ तारखेसमोर सापडेल. बेरीज ६४ बिटांत करा. ३२ बिटांत ओलांडली तर डीबग बिल्ड (चाचणीसाठीचा) कोसळतो, रिलीज बिल्ड (प्रत्यक्ष वापराचा) मुकाट गुंडाळून उणे आकडा देऊ शकतो.

अहवालात कुलाबा दोनदा आला तर हॅशमॅपला (नावावरून हिशेब शोधणाऱ्या तक्त्याला) शिव्या घालू नका. फाइलीच्या सुरुवातीचे २३९, १८७, १९१ हे तीन बाइट (बॉम) पहिल्या नावाला चिकटलेले असतात, ते आधी उडवा. विंडोजची फाइल असेल तर ओळीच्या शेवटी १३ नंबरचा बाइटही उरतो. ‘ट्रिम_आस्की’ तो काढतं, आवृत्ती १.८० पासून.

हॅशमॅपच्या ‘एंट्री’ फंक्शनला मालकीची किल्ली (इथे केंद्राचं नाव) लागते, म्हणजे दर ओळीला नावाची नवी प्रत. आधी ‘गेट_म्यूट’नं शोधा, नसेल तरच घाला. केंद्रं मूठभर असतील तर वेगळ्या हॅशरच्या (किल्लीवरून जागा काढणाऱ्या फंक्शनच्या) नादी लागण्यात अर्थ नाही.

छापताना ‘प्रिंटएलएन’ दर ओळीला सिस्टिम कॉल करतो, आउटपुट फाइलीत वळवलं तरी. ‘स्टडआउट’ लॉक करून ‘बफरायटर’मध्ये गुंडाळा आणि शेवटी ‘फ्लश’ स्वतः बोलवा, नाहीतर डिस्क भरल्याची चूक ड्रॉपमध्ये (बफर आपोआप मोडीत निघताना) गडप होते. रुंदी १२ दिली तरी देवनागरी रकाने वाकडेच दिसतात, कारण मात्रा आणि अनुस्वारही अक्षर म्हणून मोजले जातात. मध्ये टॅब टाका, सोडून द्या.

राहिला डिस्कचा प्रश्न. भाषा फुकट, पण प्रत्येक चिमुकल्या प्रोजेक्टमागे बांधलेल्या फाइलींचा ‘टार्गेट’ फोल्डर फुगतो आणि पाचशे बारा जीबीच्या लॅपटॉपला ते परवडत नाही. ‘कार्गो_टार्गेट_डिर’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल एका ठिकाणी वळवा, सामायिक क्रेट (रस्टच्या लायब्ररी) पुन्हापुन्हा बांधली जात नाहीत आणि ‘कार्गो क्लीन’ही एकदाच मारावं लागतं.